वर्गातील ऊसतोड कामगाराच्या मुलाला मेंदूचा क्षयरोग झाला आहे. माझ्या मुलीला धोका आहे का?

सहसा नाही. मेंदूच्या आवरणांना झालेला क्षयरोग शेजारी बसल्याने लागत नाही, त्यामुळे मुलीची जागा बदलण्याचे कारण नाही. त्या मुलाला तो घरातील कोणापासून लागला, हे मात्र शाळेत कोणी विचारत नाही.

करवीर तालुक्यातील एका शाळेत मी शिक्षिका असताना बीडकडच्या टोळीतील पहिलीचा एक मुलगा दिवाळीनंतर वर्गात पेंगू लागला. पहाटे फडावर जावे लागते म्हणून तो पेंगतो, असे मुख्याध्यापकांनी ठरवून टाकले. पुढे बारीक ताप, उलट्या आणि चिडचिड सुरू झाली. उचल (आगाऊ घेतलेले पैसे) फिटायची असल्याने मुकादम आईबापाला कोयता खाली ठेवू देईना, गावातील डॉक्टरांनी पित्तावर गोळ्या दिल्या, आणि डोळा तिरळा दिसू लागला तेव्हा कोठे त्याला कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात नेण्यात आले. पाठीतून पाणी काढून तपासले, स्कॅनमध्ये मेंदूत पाणी साचलेले दिसले. त्याच कोपीत (खोपटात) झोपणाऱ्या आजोबांचा जुना खोकला क्षयाचा होता, हे त्यानंतर कळले. मुलगा वाचला, उजवा हात मात्र लुळा राहिला.

‘हे लोक रोग घेऊन येतात, त्यांची मुले वेगळी बसवा,’ असे मुख्याध्यापक तेव्हा म्हणाले आणि निवृत्तीनंतरही तेच म्हणतात. हे अडाणीपणाचे मत आहे. ताडपत्रीच्या कोपीत दाटीने झोपणारे अर्धपोटी कुटुंब, न तपासलेला खोकला आणि लहान मूल एकत्र आले, की हा आजार कोणत्याही जिल्ह्यात होतो. बीसीजी लस त्यापासून बरेच संरक्षण देते, पूर्ण नव्हे.

मी डॉक्टर नाही, हेही सांगते. मुलाला फुप्फुसाचा क्षय असेल किंवा शाळेतच कोणी मोठे माणूस दीर्घकाळ खोकत असेल, तर तुमच्या मुलीची तपासणी अवश्य करून घ्या. कोपीतील लहान भावंडांना प्रतिबंधक औषध मिळू शकते. त्यासाठी आरोग्यसेविकेला कळवा.

उपचार साधारण 12 महिन्यांचे असतात आणि हंगाम त्याआधीच संपतो. गावी परतणाऱ्या मुलांना तिथल्या शाळेत शिक्षण सुरू राहावे म्हणून शाळा शिक्षण हमी कार्ड देते; त्याच वेळी पालकांकडे निक्षय क्रमांक (क्षयरुग्णाचा सरकारी नोंदणी क्रमांक) आहे का, हे पाहिले तर औषधे बीडमध्येही सुरू राहतात. ते पाहणे मुख्याध्यापकांचे काम आहे, असे मी तेव्हाही बैठकीत म्हटले होते.