बेघरांना दिलेली ब्लँकेटं विकली जातात, मग वाटप बंद करावं का?

तुम्ही विचारलंय की तुमची संस्था दरवर्षी डिसेंबरात रस्त्यावर झोपणाऱ्यांना ब्लँकेटं वाटते, पण काही जण ती दुसऱ्याच दिवशी विकतात. मग यंदा वाटप करावं की पैसा दुसरीकडे लावावा?

विकतात, खरं आहे. विकू द्या. ज्याला कुलूप लावायला दार नाही त्याने एका रात्रीत अंगावर पडलेली तीन ब्लँकेटं दिवसभर कुठे सांभाळायची? एक पांघरायचं, बाकीची येतील त्या भावाला द्यायची, हा सरळ हिशोब आहे. "यांना किंमत नाही" हे वाक्य मी आमच्याच संस्थेच्या बैठकीत इतक्यांदा ऐकलंय की तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही.

आमच्याकडे उड्डाणपुलाखाली एक म्हातारे गृहस्थ झोपायचे. सगळे त्यांना अण्णा म्हणत. लग्नसराईत केटररकडे भांडी घासायची, एरवी मंडईत मिळेल ते काम. पंगती उठून, पातेली धुऊन पुलाखाली पोचेपर्यंत रात्रीचा एक वाजायचा. थंडीतल्या एका शनिवारी तिथे आमच्यासकट तीन संस्था येऊन गेल्या, सगळ्यांनी ब्लँकेटंच दिली. सोमवारी सकाळी अतिक्रमणवाल्यांची गाडी आली आणि पथाऱ्या, गोधड्या, भांडी सगळं उचलून घेऊन गेली. त्यात अण्णांची कापडी पिशवीही गेली. तिच्यात दुधाच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळलेलं आधार कार्ड, सरकारी दवाखान्याचा केसपेपर आणि बीपीच्या गोळ्या होत्या. मी भेटले तेव्हा ब्लँकेटांबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत. केसपेपर नसेल तर गोळ्या मिळतील का, एवढंच विचारत होते.

मी बैठकीत म्हटलं, यंदा निम्मा निधी कागदपत्रांच्या कामाला ठेवू. आमचे खजिनदार म्हणाले, "ताई, आपण संस्था आहोत, तहसील कचेरी नाही." वर्षाच्या अहवालात ब्लँकेटांचा आकडा छापता येतो, फोटो येतो, कागदपत्रांचा काय फोटो काढणार, असं त्यांचं म्हणणं. वाद बराच लांबला. शेवटी मी आणि आणखी एक कार्यकर्ती, आम्ही दोघींनीच काम सुरू केलं.

मतदार यादीपासून सुरुवात केली. बेघर माणसाला पत्त्याचा पुरावा नसला तरी नमुना ६, म्हणजे मतदार नोंदणीचा अर्ज, भरता येतो. तो जिथे झोपतो ती जागा पत्ता म्हणून लिहायची, मग बीएलओने, म्हणजे त्या भागाची मतदार यादी बघणाऱ्या अधिकाऱ्याने, रात्री तिथे जाऊन तो खरंच तिथे झोपतो का ते पाहायचं, असा निवडणूक आयोगाचा नियमच आहे. बीएलओ बाई पहिल्यांदा आल्या तेव्हा अण्णा लग्नाच्या कामावर. मी कपाळाला हात लावला. पण त्या बाई पुन्हा आल्या, मोबाईलच्या उजेडात पुलाच्या खांबावरचा नंबर वाचून वहीत लिहून घेतला आणि अण्णांच्या उशाशी बसून त्यांची सही घेतली. त्यांचं नाव यादीत आलं. आधारची नक्कल मिळाली, बँकेत खातं निघालं, मग श्रावणबाळ योजनेचा अर्ज केला. ६५ वर्षांवरच्या निराधारांना तिच्यात महिन्याला १५०० रुपये मिळतात, पण राज्यात १५ वर्षं राहत असल्याचं दाखवावं लागतं. पुलाखालच्या माणसाने ते कसं दाखवायचं? दवाखान्याच्या जुन्या नोंदी शोधताना आमचा जीव मेटाकुटीला आला. तरी पेन्शन लागलं.

महाराष्ट्रात १९५९ चा भिक्षा प्रतिबंधक कायदा अजून लागू आहे. त्यात भिकारी ठरलेल्या माणसाला पहिल्याच वेळी किमान एक वर्ष भिक्षेकरी गृहात ठेवता येतं. ओळखपत्र आणि कामाचा पुरावा जवळ नसलेल्या माणसाला स्वतःची बाजू मांडणं किती अवघड जात असेल, विचार करा.

दुसरं काम निवाऱ्याचं. शहरात दर एक लाख लोकसंख्येमागे एक, बारा महिने चोवीस तास उघडा निवारा हवा, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच सांगितलंय. पुढे केंद्र सरकारच्या नागरी उपजीविका अभियानातही हेच प्रमाण धरलं होतं, माणशी किमान ५० चौरस फूट जागेसह. तुमच्या शहराची लोकसंख्या घ्या, निवारे मोजा आणि पालिकेकडे लेखी विचारा. "निवारे आहेत पण लोकच येत नाहीत" असं उत्तर येईल. तेव्हा दार किती वाजता बंद होतं ते विचारा. दहाला फाटक लागत असेल तर केटरिंगचा माणूस एक वाजता कुठे जाणार? बायकांची वेगळी सोय आहे का, हातगाडी आत लावता येते का, हेही बघा. २०११ च्या जनगणनेत देशात पावणेअठरा लाख बेघर मोजले गेले. त्यात कुटुंबंच्या कुटुंबं आहेत, आणि आपल्याकडचे बरेचसे निवारे एकट्या पुरुषाचा विचार करून उभारलेले दिसतात.

ब्लँकेटं अजिबात देऊ नका असं मात्र मी म्हणत नाही. कडाक्याच्या रात्री ती लागतातच. फक्त शेजारच्या संस्थांशी बोलून वार ठरवून घ्या. आणि पावसाळ्यात जा. थंडीत सगळे येतात, जुलैत कोणी फिरकत नाही, तेव्हा जाड ताडपत्री ब्लँकेटापेक्षा जास्त उपयोगी पडते. भ्रमिष्ट अवस्थेत फिरणारं कोणी दिसलं तर फॉर्मच्या मागे लागू नका. मानसिक आरोग्य कायदा २०१७ च्या कलम १०० नुसार अशा व्यक्तीला संरक्षणात घेऊन २४ तासांत सरकारी रुग्णालयात नेणं ही पोलीस ठाण्याची जबाबदारी आहे. कलमाचा आकडा तोंडपाठ असू द्या, ठाण्यात उपयोग होतो.

देणगीदारांना कागदपत्रांचं काम दाखवता येत नाही, हे आमच्या खजिनदारांचं मत अजून बदललेलं नाही. मी दोन जुन्या देणगीदारांना अण्णांच्या परवानगीने त्यांचं पासबुक दाखवलं. दोघांनीही पुढच्या वर्षीची देणगी झेरॉक्स, फोटो आणि रिक्षाभाड्यासाठी म्हणून वेगळी काढून दिली.