नर्सरीच्या मुलांसाठी हिवाळ्यावर आधारित कोणते उपक्रम घेता येतील?

कापूस आणू नका. बाकीचं नंतर सांगते.

तुम्ही लिहिलंय की शाळेत डिसेंबरात ‘विंटर वीक’ आहे, मुलं साडेतीन-चार वर्षांची आहेत आणि नेटवर शोधलं की स्नोमॅन, पेंग्विन नाहीतर निळ्या कागदावर पांढरे ठिपके एवढंच सापडतं. मी बेळगावात सव्वीस वर्षं लहान वर्ग सांभाळलेत, आधी मराठी बालवाडीत आणि मग एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत. त्यामुळे उत्तर द्यायचा हक्क आहे असं समजते. खरं तर स्नोमॅन हा शब्द वाचला आणि जुनं दुखणं वर आलं.

आमचं गाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर. जुनी माणसं गरिबांचं महाबळेश्वर म्हणायची. डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा १३-१४ अंशांपर्यंत येतो आणि धुकं असं उतरतं की शाळेच्या गेटातून झेंड्याचा खांब दिसत नाही. म्हणजे थंडी आमच्याकडे घरची आहे, बाहेरून मागवायची गरज नाही. बर्फ मात्र आमच्या मुलांनी पाहिलेला असतो तो गोळेवाल्याच्या गाडीवर, तोही उन्हाळ्यात.

पंधरा वर्षं झाली असतील. आमच्या सुपरवायझर मॅडमनी (नाव घेत नाही, अजून लग्नाकार्यात भेटतो) ठरवलं की नर्सरीत ‘विंटर डे’ करायचा. प्रत्येक पालकाला चिठ्ठी गेली : कापसाचा एक रोल, थर्माकोलचे गोळे, पांढरा ड्रेस. मी आपल्या मनानं मुलांना आणखी एक सांगितलं, की घरी थंडीत जे वापरता त्यातली एक वस्तू उद्या घेऊन या.

दुसऱ्या दिवशी माकडटोप्यांचा ढीग झाला. दोन मफलर, व्हिक्सची एक डबी, आणि एक वाकळ. ती आणली होती येळ्ळूरकडच्या एका पोरानं. म्हणजे पोरानं कुठली, त्याच्या आजोबांनी सायकलच्या कॅरियरला दोरीनं बांधून आणली आणि वर्गाच्या दारात ठेवून गेले. मला एकटीला उचलेना. मी ती फरशीवर पसरली, आणि सांगायच्या आत सगळा वर्ग तिच्यावर. चुलीच्या धुराचा वास होता, खरं आहे. पोरगं मधोमध बसलं आणि एकेका ठिगळावर बोट ठेवून सांगायला लागलं. ह्ये आज्जीचं लुगडं. ह्ये आईचं. ह्ये माझं बारशाचं. एका जाड लालसर तुकड्यावर बोट थांबलं. “ह्ये सर्जाच्या झुलीचं.”

“सर्जा कोण रे?”

“आमचा बैल की. इकला.”

तेवढ्यात एक कन्नड घरातली मुलगी ओरडली, “कौदी! नम्म मन्यागू ऐती!” आमच्या घरीपण आहे म्हणाली. मग वाकळ की कौदी यावर दोघांचं जुंपलं, तिसरी म्हणाली गोधडी. एका वस्तूला तीन नावं असतात हे त्या दिवशी वर्गाला न शिकवता कळलं. मग आम्ही ठिगळं मोजली. मुलांना वीसपर्यंतच येत होतं, म्हणून वीस झाले की परत एकपासून. लाल किती, हिरवी किती, चौकोनी कुठली, लांबट कुठली. मऊ कुठलं ते गाल लावून बघितलं. रंग, आकार, मोजणी, स्पर्श, भाषा, सगळं एका वाकळीत. पाऊण तास वर्गात एकही भांडण नाही. नर्सरी शिकवणाऱ्याला याचा अर्थ कळेल.

मग मॅडम आल्या. “हे काय? वास येतोय. कुणाला खाज सुटली तर पालकांना कोण उत्तर देणार? घडी करून स्टाफरूममध्ये ठेवा.” आणि भिंतीवर कापूस लावायला शिपाई पाठवला.

मी घडी केली. हे लपवत नाही. नोकरी होती, घरचं कर्ज होतं, तोंड उघडलं नाही. घडी करताना पोरानं विचारलं, “मिस, वाकळ नापास झाली काय?”

पुढचा कार्यक्रम यथासांग झाला. फेव्हिकॉलनं कापूस भिंतीला कमी आणि पोरांच्या बोटांना जास्त चिकटला. स्नोमॅनच्या नाकाचं गाजर एकीनं खाल्लं. फोटो छान आले, पालक खूश.

मॅडमचं म्हणणं असं, की घरचं मुलं घरी बघतातच, शाळेनं नवं दाखवायला हवं. त्या दिवशी मला उत्तर सुचलं नाही. आता आहे. कापसात हात घालून बघा, ऊब लागते. म्हणून तर आपण तो गादीत भरतो. ज्या मुलानं बर्फ कधी हातात धरला नाही त्याला तुम्ही सांगताय की बर्फ म्हणजे कोरडं, मऊ आणि उबदार काहीतरी. चार वर्षांचं मूल कातडीनं शिकतं. तुम्ही नवं काही शिकवत नाही, उलटं शिकवताय. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला बालवाडी सुरू केली तेव्हा महागडी साधनं बाजूला ठेवून आसपास मिळेल त्यावर काम केलं. इतकी वर्षं झाली, आणि आपण अजून पालकांकडून थर्माकोल मागवतोय.

तर तुमचा प्रश्न. माझा हुकमी उपक्रम खोबरेल तेलाचा. पारदर्शक बाटलीत शुद्ध खोबरेल घ्या, मिश्र केशतेल नको, ते धड गोठत नाही. साधारण २४ अंशांखाली खोबरेल थिजायला लागतं, त्यामुळे आमच्याकडे सकाळी बाटली पांढरी दगड. मुलांना उलटी करून बघू द्या, पडत नाही. मग एक बाटली उन्हात, एक सावलीत, आणि डबा खाऊन झाल्यावर दोन्ही परत बघायच्या. थंडीनं वस्तू गोठते आणि उन्हानं वितळते हे शिकवायला याच्यापेक्षा चांगलं काही मला मिळालेलं नाही. काकवी मिळत असेल तर तिचंही असंच. सकाळी चमच्यावरून ओघळायला किती वेळ, उन्हात ठेवल्यावर किती, हे तोंडानं आकडे म्हणत मोजायचं. गुऱ्हाळाला मात्र या वयात नेऊ नका. उकळती काहिल आणि तीस पोरं, नकोच.

स्वेटरची बटणं आपली आपण लावणं हा आठवडाभराचा उपक्रम आहे, कुणी मानो न मानो. परदेशी तक्त्यांत हातमोज्यांच्या जोड्या लावायच्या असतात, तुम्ही पायमोज्यांच्या लावा. भात निघाला की आमच्याकडे शेतात मसूर, वाटाणा, हरभरा असतो. वाटाण्याच्या शेंगा आणून सोलायला द्या, प्रत्येक शेंगेत किती दाणे ते मोजा. बोटांना त्याच्याइतका व्यायाम कुठल्याच प्लास्टिकच्या खेळण्यानं होत नाही. धुक्याच्या दिवशी खिडकीतून काय दिसतं ते नऊला आणि परत दहाला विचारा. मैदानात मीटरभर काठी रोवली तर डिसेंबरात भरदुपारीही आमच्याकडे सावली ८० सेंटिमीटरच्या आसपास पडते. खडूनं रेघ मारून ठेवा. मेच्या पहिल्या आठवड्यात तिथंच सावली जवळजवळ नाहीशी होते, पण तेव्हा सुट्टी असते, म्हणून हा अर्धा उपक्रम घरी न्यायचा. संक्रांतीचं वेगळं सांगत नाही, सुगडात काय काय घालतात ते तुम्हाला ठाऊक असणारच. फक्त वर्गात कन्नड मुलं असतील तर ‘तिळगूळ घ्या’च्या जोडीला ‘एळ्ळु बेल्ला तिंदु ओळ्ळे माताडी’ही म्हणून घ्या. मोठ्यांचं सीमेवरून काय चाललंय ते चालू दे. डिसेंबरात विधानसभेचं अधिवेशन बेळगावात भरतं, रस्तोरस्ती पोलीस उभे राहतात, आणि आमच्या वर्गात एकदा ‘थंडीत काय येतं?’ला उत्तर आलं होतं, ‘पोलीस’.

आता मॅडमच्या बाजूचं एक कबूल करते. त्याच वर्गात एका जवानाची मुलगी होती. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र आमच्या गावात, त्यामुळे अशी मुलं दर वर्षी असतात. कापूस बघून ती म्हणाली, “माझ्या पप्पांकडे खरा आहे.” दुसऱ्या दिवशी फोटो घेऊन आली. वडील बर्फात उभे, गॉगल, भुवयांवर पांढरं. पोरं तो फोटो सोडेनात. पप्पा झोपतात कुठं, जेवण गार होतं काय, शू कुठं करतात. म्हणजे बर्फ वर्गात येऊच नये असं नाही. कुणाच्या तरी पप्पांकडून आला तर जरूर यावा. शिवाय फ्रिजमधले चार तुकडे ताटलीत ठेवले की खरा गारठा दोन मिनिटांत कळतो, त्याला कापूस लागत नाही. हे मी मॅडमना मागच्या वर्षी एका लग्नात, पंगतीत बसल्यावर बोलून दाखवलं. त्या म्हणाल्या, “अजून तेच धरून बसलाय काय तुम्ही?” हो, बसलेय.

तुमच्या शाळेत वरून स्नोमॅनची सक्ती असेल तर भांडू नका, मीही भांडले नव्हते. एक करून टाका आणि उरलेले चार दिवस आपले घ्या. वाकळ मागवलीत तर आधी कडक उन्हात घाला, मॅडमचं खाजेचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. शेंगदाणे, बोरं, फुटाणे या वयात घशात अडकतात, ते खायच्या उपक्रमात नकोत. तीळही कुणाला सोसत नाही असं आहे का ते पालकांना आधी विचारा. आणि वाटाणे सोलताना समोरून हलू नका. एकीनं नाकात घातला होता. आपण चिमट्यानं काढायला गेलो की तो आणखी आत जातो, सरळ डॉक्टरकडे न्यायचं.