कारखान्याच्या उद्घाटनाचे फोटो पेपरात छापून येण्यासाठी ओळख लागते का?

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये पितळी व्हॉल्व्हचं युनिट, नवी सीएनसी (संगणकावर चालणारी) लेथ, तीन पेपरांना फोटो पाठवले आणि एकानेही छापले नाहीत, असं तुम्ही लिहिलंय. ओळखीचं नंतर बघू, आधी फोटो बघा. फीत, कात्री, ओळीने उभी माणसं, मागे फ्लेक्स. असले फोटो ठाण्याच्या पानांकडे रोज येतात आणि रोज बाजूला पडतात.

मालकांशी माझा हा जुनाच वाद आहे. त्यांना फोटोत कंपनीचा बोर्ड हवाच असतो. बोर्ड दिसला की पेपरचं संपादकीय डेस्क जाहिरात विभागाकडे बोट दाखवतं. नाव फोटोओळीत येतं, तेवढं पुरे.

लेथ थांबवून तिचं दार उघडा. ऑपरेटरच्या हातात नुकताच उतरवलेला व्हॉल्व्ह, त्यावर व्हर्नियर (मापाचं साधन), नजर मापावर. हात आणि चेहरा दोन्ही स्पष्ट हवेत. शेडमध्ये ट्यूबलाइट असतील तर कॅमेऱ्याचं शटर १/५० किंवा १/१०० सेकंदावर ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे शटर याहून वेगवान झालं की फोटोत पट्टे उमटू शकतात. फोटो मोबाइलवर बरा दिसतो त्यापेक्षा जरा उजळच ठेवा. पेपरचा कागद शाई पितो. सावलीतलं मशीन छापून आल्यावर नुसता काळा ठोकळा दिसतो.

तीन कॉलमी फोटो साधारण १२ सेंमी रुंद. ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) रुंदीला १४०० पिक्सेल पुरतात, पण ३००० द्या, म्हणजे कापायला जागा राहते. एक आडवा, एक उभा. जेपीईजी, आरजीबीमध्येच (स्क्रीनचे रंग), सीएमवायके (छपाईचे रंग) पेपरवाले त्यांच्या छपाईप्रमाणे करतात. व्हॉट्सॲपवर पाठवायचा तर डॉक्युमेंट म्हणून, वर्डमध्ये चिकटवून तर मुळीच नको. वॉटरमार्क असलेला फोटो कोणी छापत नाही, फोटोग्राफर कितीही रुसला तरी.

फोटोओळीत कोण, काय करतोय, कुठे, कधी. एकाहून जास्त माणसं असतील तर ‘डावीकडून’ लिहून पूर्ण नावं. तिन्ही पेपरांना एकच फोटो सीसीत टाकू नका, प्रत्येकाला वेगळी फ्रेम द्या, तीही दुपारच्या आत. संध्याकाळी पानं भरलेली असतात.

ओळख म्हणाल तर ठाण्याची पानं कोण बघतं एवढं माहीत असलं की झालं. छापण्याचे पैसे मागितले तर ती जाहिरात. तिचं बिल घ्या.

आणि हो, ऑपरेटरची संमती घ्या, मशीनवर गिऱ्हाइकाचं ड्रॉइंग चिकटवलेलं असेल तर काढा. पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा हक्क, वेगळा करार नसेल तर, १९५७च्या कॉपीराइट कायद्याने तुमचाच असतो. तरी फोटोग्राफरकडून दोन ओळी लिहून घ्या.