काम घेतलं तर अनुदान जाईल, मदत मागितली तर काम जाईल

सुमन (नाव बदललं आहे) माझ्याकडे समुपदेशनासाठी पहिल्यांदा आली तेव्हा समोरच्या पाण्याच्या पेल्याला तिने हातही लावला नाही. मे महिना होता. भांडुपहून दिव्यांगांच्या डब्यातून दादर, तिथून टॅक्सी, घामाने चेहरा डबडबलेला. मी आग्रह केला तर म्हणाली, "मॅडम, तुमचं टॉयलेट किती पायऱ्यांवर आहे?"

मग कळलं. आधीच्या नोकरीत टॉयलेट अर्धा जिना वर होतं. दोन वर्षं ती सकाळी घरून निघाल्यापासून संध्याकाळी परत येईपर्यंत पाणी प्यायची नाही. लघवीचा संसर्ग तीनदा झाला. तिथे कुणालाही तिने एका शब्दाने सांगितलं नव्हतं.

सुमन चौतीस वर्षांची, चित्रकार. मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते. मस्क्युलर डिस्ट्रॉफी या स्नायूंच्या आजारामुळे खांदे आणि कंबर यांतली ताकद हळूहळू कमी होत चालली आहे. हात फार वेळ उचलून धरता येत नाही. आईने जुन्या साडीची चुंबळ करून दिली आहे, कोपर तिच्यावर टेकवून ती रंगवते. त्या चुंबळीवर इतके रंग सांडलेत की साडी मुळात कुठल्या रंगाची होती ते आता ओळखू येत नाही.

तिला गोरेगावच्या एका ॲनिमेशन स्टुडिओकडून आठ महिन्यांच्या कराराचं काम आलं होतं, महिना ३२,००० रुपये. आणि त्या दिवसापासून तिची झोप उडाली होती. धाकटी बहीण म्हणाली, "ताईला आत्मविश्वास द्या. चांगलं काम चालून आलंय आणि ही घाबरतेय."

पहिल्या दोन भेटींत मीही तोच धागा धरला. श्वासाचे व्यायाम, मनात येणाऱ्या विचारांची नोंद. सुमनने सगळं मन लावून केलं आणि झोप काही आली नाही. तिसऱ्या भेटीत मी तिला भीती कागदावर आकड्यांत मांडायला सांगितली. कागद भरला तेव्हा मला जाणवलं की ही भीती मनाची समजूत घालून जाणारी नाही, कारण ती खोटी नाही.

संजय गांधी निराधार अनुदान योजनेतून तिला महिना २,५०० रुपये मिळतात. २०२५ साली दिव्यांगांसाठी ते १,५०० वरून वाढले. फिजिओथेरपीला जायच्या रिक्षाचे पैसे त्यातूनच निघतात. पण दिव्यांगांसाठी या योजनेत कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा आहे ५०,००० रुपये. दोन पगारांतच ती ओलांडली जाणार. आठ महिन्यांनी काम संपलं की पुन्हा उत्पन्नाचा दाखला, पुन्हा तहसील कार्यालयाच्या खेपा, आणि मंजुरी येईपर्यंत हातात शून्य. कलाकाराचं उत्पन्न कधी येतं, कधी नाही. नियम मात्र ते कायमचं धरून चालतो. मला हे अन्यायाचं वाटतं आणि मी तिला तसं स्पष्ट सांगितलं.

माझ्याकडे येणारे अनेक दिव्यांग कलाकार हाच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारतात, म्हणून उत्तर इथे लिहिते. हो, उत्पन्न मर्यादेबाहेर गेलं तर अनुदान बंद होतं. ते लपवू नका, उद्या वसुलीचा कागद आला तर तो जास्त महाग पडेल. काम सुरू झाल्याची तारीख लेखी कळवा आणि पोच घ्या. पण अनुदानाबरोबर सगळंच जातं असं नाही. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, उत्पन्नावर अवलंबून नसतं, दिव्यांगांच्या डब्यातला प्रवासही नाही.

राहिली स्टुडिओकडे मागायची मदत. सुमनने कुठेतरी वाचलं होतं की ब्रिटनमध्ये 'ॲक्सेस टू वर्क' नावाची योजना आहे. कामासाठी लागणारा मदतनीस, साधनं, प्रवास यांचा खर्च सरकार देतं, स्वतंत्रपणे काम करणाऱ्यांनाही. तिथेही आता कपातीची धास्ती आहे. आपल्याकडे मुळात तशी योजना नाही. आपल्याकडे आहे तो २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा. वाजवी सोयी नाकारणं हाही भेदभावच, असं त्याच्या व्याख्येतच आहे. कलम २९ मध्ये दिव्यांग कलाकार आणि लेखकांना सुविधा, पाठबळ आणि प्रायोजकत्व देण्याचं म्हटलं आहे. मात्र नोकरीत सोयी देण्याचं थेट बंधन कलम २० सरकारी आस्थापनांवर घालतं. खासगी आस्थापनेने समान संधी धोरण जाहीर करावं असं कलम २१ सांगतं. कंत्राटावरच्या चित्रकाराच्या हाती त्यातून किती लागेल, ही लढाईच आहे. तेव्हा सही करण्याआधी मागा आणि लेखी मागा.

पत्राचा पहिला मसुदा तिने घरून लिहून आणला. "आपणांस तसदी देत असल्याबद्दल अत्यंत दिलगीर आहे" अशी सुरुवात, आणि पानभर आजाराची हकिकत. मी विचारलं, "स्टुडिओ तुम्हाला संगणक देतोय, त्याबद्दल तुम्ही दिलगीर आहात का?" बराच वेळ ती गप्प बसली. मग पेन उचलून पहिली ओळ स्वतःच खोडली. आजाराची हकिकतही काढली, तिच्या स्नायूंचा इतिहास कुणाला सांगायचा हे तिचं तिने ठरवायचं. उरलं ते एवढंच: आठवड्यातले तीन दिवस घरून काम, हात टेकवता येईल असं कमी उंचीचं टेबल, दुपारी अर्धा तास आडवं होण्याची जागा, आणि पायऱ्या न चढता जाता येईल असं टॉयलेट. "या सोयी मिळाल्या तर ठरलेली चित्रं ठरलेल्या वेळेत देईन," हे शेवटचं वाक्य तिचं.

ते पत्र पाठवायला तिला नऊ दिवस लागले. मी घाई केली नाही.

घरून काम आणि टेबल लगेच मान्य झालं. आडवं होण्याच्या जागेबद्दल टाळाटाळ झाली, शेवटी मीटिंगच्या खोलीतला सोफा मिळाला, तोही मीटिंग नसेल तेव्हा. टॉयलेटसाठी तळमजल्यावरच्या दुसऱ्या ऑफिसची चावी मिळते, पण ते ऑफिस शनिवारी बंद असतं. शनिवारी ती अजूनही पाणी कमी पिते. यासाठी दुसरं पत्र आम्ही लिहितो आहोत.

झोप परत आली आहे, पूर्ण नाही. करार जानेवारीअखेर संपतो. तहसील कार्यालयाची पोच, यूडीआयडीची प्रत आणि कराराची प्रत एका प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये घालून तिने ती आईच्या कपाटात ठेवली आहे. एप्रिलच्या पानावर पेन्सिलने "उत्पन्नाचा दाखला" असं लिहून ठेवायचं आहे, त्यासाठी नव्या वर्षाचं कॅलेंडर बाजारात येण्याची ती वाट पाहते आहे.