‘नारुतो’ या जपानी निंजा-मालिकेच्या जगात मी उचिहा वंशातली एक मुलगी तयार केली आहे. इताचीने आपल्याच वंशाचा संहार केला, त्यातून ती वाचली असं दाखवलं तर चालेल का?

चालेल. हे आधीच सांगते, कारण तुम्ही लिहिलंय की मैत्रिणीने तुमच्या ओसीला (म्हणजे दुसऱ्याच्या गोष्टीत तुम्ही घातलेल्या स्वतःच्या पात्राला) ‘मेरी सू’ म्हटलं आणि तेव्हापासून तुम्ही ती वहीच उघडलेली नाही. वही उघडा.

‘मेरी सू’ हे नाव १९७३ सालचं. अमेरिकेत ‘स्टार ट्रेक’चे चाहते स्वतःचे छोटे अंक काढायचे. त्यातल्या एका अंकात पॉला स्मिथ यांनी एक चिमुकलं विडंबन लिहिलं. त्यातली मेरी सू साडेपंधरा वर्षांची, ताफ्यातली सगळ्यात तरुण लेफ्टनंट. तिला सगळं येतं आणि सगळे तिच्यावर जीव टाकतात. ती थट्टा नेमकी होती. पुढे मात्र मुलींनी लिहिलेल्या कुठल्याही जोरकस मुलीवर तो शिक्का मारायची सवय लागली आणि ती मला अजिबात पटत नाही. नारुतोचंच बघा ना. चौथ्या होकागेचा, म्हणजे गावप्रमुखाचा मुलगा, पोटात नऊ शेपट्यांचा कोल्हा. एवढंच सांगितलं तर कुणीही म्हणेल, हे एखाद्या नवख्या चाहत्याचं पात्र आहे. पण त्याच कोल्ह्यापायी गाव त्याला जवळ करत नाही, निंजांच्या अकादमीच्या परीक्षेत तो तीनदा नापास होतो, म्हणून तो आपल्याला खरा वाटतो.

तेव्हा तुमच्या मुलीकडे शारिंगान, म्हणजे उचिहांचा तो लाल शक्तिशाली डोळा आहे म्हणून काही बिघडत नाही. मूळ लेखक किशिमोतोंनी त्या डोळ्याची किंमत ठरवूनच ठेवली आहे. झाबुझा या शत्रूशी एक लढत झाली की असा एक डोळा असलेला नारुतोचा गुरू काकाशी आठवडाभर अंथरुणाला खिळतो. मांगेक्यो, म्हणजे त्या डोळ्याचं वरचं रूप, वापरत गेलं तर दृष्टीच जाते. तुमच्या मुलीला तो डोळा कितीला पडला, तेवढं ठरवा.

मला खरी अडचण वेगळीच दिसते. तुमच्या वर्णनात ती सासुकेच्या, म्हणजे इताचीच्या वाचलेल्या धाकट्या भावाच्या, संघात चौथी म्हणून येते आणि त्यानंतर मालिकेतले सगळे प्रसंग जसेच्या तसे घडतात. सासुके तसाच एकटा, तसाच सुडाने पेटलेला, शेवटी गावाचा शत्रू असलेल्या ओरोचिमारूकडे तसाच निघून जातो. हे मात्र पटत नाही. अख्ख्या वंशात तो एकटा उरला आहे, या एका गोष्टीवर त्याचं सगळं वागणं उभं आहे. ती वाचली असेल, तर संध्याकाळी तो परततो त्या घरात दिवा लावलेला असणार. त्याच्या आईच्या हातची चव आठवणारं दुसरं माणूस या जगात असणार. मग तो गाव सोडेल का? सोडलं तर हिला मागे टाकून जावं लागेल आणि ते त्याला जन्मभर सलेल. की हिचाच इताचीवरचा राग त्याच्याहून जास्त आहे आणि हाच तिला अडवू बघतो? मला तर ही गोष्ट वाचायला फार आवडेल. पण तीत सासुके बदलावा लागेल. ते करायची छाती होत नसेल तर तिला कोनोहात, म्हणजे नारुतोच्या गावात ठेवूच नका. उचिहा आईने दूर कुठेतरी लग्न करून संसार थाटला, मुलीला आपलं कूळ ठाऊकच नाही आणि एक दिवस तिचे डोळे लाल होतात, असंही होऊ शकतं.

माझ्या ओसीबद्दल सांगते, म्हणजे मी हे का म्हणतेय ते कळेल. तिचं नाव साओ. लाटांच्या देशाचं प्रकरण तुम्हाला आठवत असेलच, मालिकेतले भाग ६ ते १९. गातो या गुंड व्यापाऱ्याने त्या बेटाची सगळी जलवाहतूक मुठीत धरलेली असते आणि ताझुना मुख्य भूमीपर्यंत पूल बांधत असतो. काकाशी, नारुतो, सासुके, साकुरा आणि ताझुना बेटावर येतात ते एका होडीतून. दाट धुकं आहे, गातोच्या माणसांना चाहूल लागू नये म्हणून होडीवाला इंजिन बंद ठेवून वल्ही मारतोय. या सगळ्यांना काठावर उतरवून तो परत जातो आणि गोष्ट पुढे सरकते. त्या माणसाने जिवावर उदार होऊन ज्यांना पलीकडे नेलं, त्यांच्यामुळे पूल पूर्ण झाला. पूल झाल्यावर त्याच्या होडीत कोण बसणार?

हा प्रश्न मला सुचला कारण माझ्या आजोळी खाडीवर ‘तर’, म्हणजे माणसं पलीकडे नेणारी होडी चालायची. मी शाळेत असताना पूल झाला. सगळ्यांना आनंद झाला, मलाही झाला, बस थेट घरापर्यंत यायला लागली. दुसऱ्या वर्षी मे महिन्यात गेले तर होडी काठावर पालथी घातलेली होती. तर चालवणारे काका आमच्याकडे चहाला यायचे, पण त्या होडीबद्दल कधी एक शब्द बोलले नाहीत.

साओ त्या होडीवाल्याची मुलगी. लाटांच्या देशात निंजांचं गाव नाही, म्हणजे अकादमी नाही, शिकवायला कुणी नाही. तिने फक्त एवढंच पाहिलंय की तिच्याच वयाची तीन परकी मुलं रानात हात न लावता झाडावर पळत चढताहेत. चक्र, म्हणजे निंजांची अंगातली शक्ती, कमी पडलं तर पाय घसरतो, जास्त झालं तर साल फुटते. ती हे धक्क्याच्या ओल्या, शेवाळलेल्या खांबांवर करून बघते आणि दोन वर्षं नुसती पाण्यात पडते. तिला यापलीकडे फारसं काही येत नाही. पुलाला नारुतोचं नाव दिल्यावर गाव आनंदात असतं आणि ती बापाच्या तोंडाकडे बघत असते. तिला नारुतोचा राग येतो, आणि तो येतो म्हणून स्वतःची लाजही वाटते. गेली चार वर्षं मी हेच लिहितेय.

तेव्हा मालिका पुन्हा बघताना अशा माणसांवर लक्ष ठेवा, जी एका प्रसंगापुरती येतात. उचिहा वस्तीत रोज कामाला येणारं कुणी असेल, जे त्या दिवशी आलं नाही. त्या पोरक्या वस्तीच्या किल्ल्या कुणाकडे असतील? तुमच्या मुलीपर्यंत यातूनही वाट निघेल.

राहिलं नाव. ते घाईने ठेवू नका. किशिमोतोंची नावं नुसती कानाला गोड म्हणून आलेली नाहीत. उझुमाकी म्हणजे भोवरा. उचिहा हे ‘उचिवा’ म्हणजे हातपंख्यावरून आलंय, म्हणून त्यांच्या कुलचिन्हात पंखा आहे आणि पंख्याने आग फुलते. हाताके काकाशी म्हणजे अक्षरशः शेतातलं बुजगावणं, आणि उमिनो इरुका म्हणजे समुद्रातला डॉल्फिन. साओ म्हणजे होडी रेटायची लांब काठी. तुमच्या मुलीचं नाव तुम्ही प्रश्नात लिहिलेलं नाही. अजून ठेवलं नसेल तर पंखा, ठिणगी, राख, विझलेली चूल यांच्या आसपासचे जपानी शब्द शोधा, आणि सापडलं की मला नक्की कळवा. त्या रात्री ती कुठे होती, तेही.