दार बदला, उंबरठा हलवू नका

प्रश्न : आमची पाणीवापर संस्था नीरा डाव्या कालव्याच्या एका मायनरवर, म्हणजे छोट्या चारीवर आहे. शेतांकडे पाणी सोडणारी निम्म्याहून जास्त दारं गंजली आहेत, दोन ठिकाणी पाणी दाराशेजारच्या भिंतीमागून वाहतं. सगळं एकदम बदलण्याइतके पैसे नाहीत आणि दोन आवर्तनांच्या मध्ये वेळही थोडाच मिळतो. कोणतं काम आधी धरावं? वरच्या अंगाचे शेतकरी म्हणतात, बदलताच आहात तर दार जरा मोठं आणि खाली बसवा.
– संस्थेचे सचिव, ता. इंदापूर

उत्तर : तुमच्या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो. पाटबंधारे खात्यात शाखा अभियंता म्हणून नोकरी करताना चाऱ्यांवरची जी भांडणं मिटवली, त्यांतली बरीचशी तिथूनच निघालेली होती. दार मोठं करू नका आणि खालीही नेऊ नका.

हिशेब मांडून दाखवतो. दाराच्या भोकावर आज ४५ सेंटिमीटर पाणी उभं राहतं असं धरा. उंबरठा, म्हणजे भोकाची खालची कड, १५ सेंटिमीटर खाली गेला की ते ६० होतं आणि त्याच भोकातून सुमारे १५ टक्के पाणी जास्त जातं. एका दाराचं हे कोणाच्या लक्षातही येत नाही. पण वरच्या सहा दारांनी प्रत्येकी एवढं ओढलं, तर टेलच्या, म्हणजे चारीच्या शेवटच्या टोकाच्या, एका दाराचं जवळजवळ सगळं पाणी गेलं. एका मायनरवर ठेकेदाराने नवी दारं अशीच अर्धा फूट खाली बसवलेली मी पाहिली आहेत. उन्हाळी आवर्तनात टेलचा ऊस उभा वाळला, आणि जुनी मापं कोणीच लिहून ठेवली नसल्यामुळे त्या शेतकऱ्यांना काही सिद्ध करता आलं नाही. त्या माणसांचे चेहरे मी विसरलेलो नाही.

म्हणून पहिलं काम बिनपैशाचं. जुनं दार उखडण्याआधी डम्पी लेव्हल (पातळी मोजायची दुर्बीण) लावून प्रत्येक उंबरठ्याची पातळी घ्या, भोकाची रुंदी-उंची मोजा, सगळं संस्थेच्या वहीत उतरवा आणि टेलच्या शेतकऱ्यांच्या त्याखाली सह्या घ्या. पाणीवापर संस्थांच्या २००५ च्या कायद्याने संचालक मंडळात तोंड, मध्य आणि टेल या तिघांनाही सारख्या जागा दिल्या आहेत. टेलच्या संचालकांना मोजणीच्या वेळी चारीवर उभं करा.

आता पैसे कुठे घालायचे ते. गंजलेल्या दारातून पाणी वाया जातं, पण भिंतीमागून वाहणारं पाणी अख्खं बांधकाम घेऊन जातं. तेव्हा ती दोन ठिकाणं आधी. पलीकडे निघणारं पाणी गढूळ असेल तर आतून माती वाहते आहे, तिथे पुढच्या आवर्तनाची वाट पाहू नका. तुमच्याकडे काळी माती असेल. ती उन्हात भेगाळते, भिंतीपासून सुटते, आणि पाण्याला वाट मिळते. पुढून सिमेंटचा गिलावा मारून ही गळती थांबत नाही. भिंतीमागची काळी माती खणून काढा, तिथे मुरूम भरा, १५ सेंटिमीटरचा एकेक थर पाणी मारून धुमसा. भिंतीचे दोन्ही हात भरावात आणखी आत न्या आणि उंबरठ्याखाली जमिनीत एक आडवी भिंत उतरवा. पाण्याचा वळसा जितका लांब, तितकी माती टिकते.

नीरा डाव्या कालव्याचं मूळ काम १८८० च्या दशकातलं, चुन्यातल्या दगडांचं. तुमच्या चारीवर असं जुनं बांधकाम असेल आणि दगड हलत नसतील, तर कृपा करून ते पाडू नका. दरजा खरवडून नीट भरा, फक्त दाराची चौकट, खाचा आणि पत्रा बदला. तेवढ्याच पैशांत आणखी दोन-तीन दारं होतील.

वेळेचं म्हणाल तर काँक्रीटला घाई चालत नाही. साध्या सिमेंटला किमान ७ दिवस, पीपीसी (राख मिसळलेलं सिमेंट) असेल तर १० दिवस पाणी मारावंच लागतं. म्हणून झाकणाच्या फरशा, खाचेचे ठोकळे गावातच आधी ओतून ठेवा आणि चारी बंद झाली की फक्त बसवा. चारीवरून उसाच्या ट्रॉल्या जाणार असतील तिथे जास्त भार सोसणारा एनपी-३ दर्जाचाच सिमेंटचा पाइप मागा, हलका एनपी-२ नको.

चारीच्या आडव्या बांधाला मात्र खालून उघडणारं दार लावू नका, पाणी त्यावरून सांडू द्या. वरून सांडणारं पाणी, पातळी थोडी वाढली तरी झपाट्याने वाढतं. त्यामुळे चारीतली पातळी फार चढत नाही आणि बाजूच्या दारांना सारखं पाणी मिळतं.

मायनरच्या तोंडाशी मोजणीचं साधन नसेल तर विभागाकडे संयुक्त पाहणीची लेखी मागणी करा. संस्थेला पाणी घनमापावर द्यायचं असा कायदा आहे, आणि मोजल्याशिवाय घनमाप कसलं? चारीला उतार कमी असेल तर सपाट तळाचा कटथ्रोट फ्ल्यूम (मध्ये अरुंद होणारी, पाणी मोजायची पन्हळ) सोयीचा पडतो.

काम झाल्यावरची पहिली पाळी शेजपाळीच्या रीतीने, म्हणजे ओळीने एकामागून एक, टेलपासून वर घ्या. प्रत्येक नव्या बांधकामाची खालची बाजू दुसऱ्या दिवशी स्वतः चालत जाऊन पाहा. कुठे ओल किंवा गढूळ झरा दिसला तर फोटो आणि मापं या सदराकडे पाठवा. पुढच्या अंकाची वाट न पाहता उत्तर देईन.