एका रात्रीच्या मुक्कामात जेवायला कुठे जावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: शहर दोघांनाही नवीन, मुक्काम एकाच रात्रीचा, निमित्त लग्नाच्या वाढदिवसाचं आणि याद्या चाळून चाळून डोकं भणाणलंय. तर तिथलं सगळ्यात चांगलं रेस्टॉरंट ओळखायचं कसं, आणि त्यासाठी मिशलिन गाइडच्या ताऱ्यांवर विसंबावं का? माझं स्पष्ट मत सांगतो. 'सगळ्यात चांगलं' शोधायचं सोडून द्या. ती संध्याकाळ तुमच्या वाट्याला कशी येणार आहे ते आधी बघा, मग तिच्यात बसणारं ठिकाण निवडा. कामानिमित्त माझी वर्षानुवर्षं भटकंती चालू आहे आणि जी जेवणं आजही आठवतात ती जवळजवळ सगळी अशीच निवडलेली आहेत.

पहिल्यांदा घड्याळ. शहरात किती वाजता पोचताय, दुपारचं जेवण कधी होणार, सकाळी किती वाजता निघायचंय? दिवसभर प्रवास करून संध्याकाळी सातला खोलीवर पोचणार असाल तर टेस्टिंग मेनूच्या वाटेला जाऊ नका. त्यात छोटे छोटे पदार्थ एकामागून एक येतात, प्रत्येकाची ओळख करून दिली जाते, अडीच-तीन तास सहज जातात. अंगात ताजेपणा असेल तर त्यासारखं सुख नाही. दमलेला माणूस मात्र निम्म्यातच पेंगायला लागतो आणि ज्याच्यासाठी एवढा खर्च केला ते त्याच्या लक्षातही राहत नाही. अशा दिवशी मेनूतून हवं ते मागवून दीड तासात निवांत उठता येईल अशी जागा बघा. आणि सकाळीच पोचत असाल तर एका गोष्टीचा जरूर विचार करा: मोठं जेवण दुपारी घ्या. बऱ्याच नावाजलेल्या ठिकाणी दुपारचा मेनू छोटा आणि स्वस्त असतो, स्वयंपाकघर तेच असतं आणि टेबल मिळायची शक्यताही जास्त. मुक्काम रात्रीचा आहे म्हणून सोहळाही रात्रीच व्हायला हवा असं कुठे आहे?

दुसरा प्रश्न दोघांनी मिळून सोडवायचा. तुम्हाला बोलायचंय की बघायचंय? निवांत बोलायचं असेल तर जागेचे फोटो नीट न्याहाळा. उघडी काँक्रीटची भिंत, लाकडी किंवा फरशीची जमीन, कुठे पडदा नाही की गालिचा नाही, टेबलं एकमेकांना खेटून: अशी खोली भरली की आवाज घुमतो आणि समोरच्याचं वाक्य दोनदा विचारावं लागतं. बघायचं असेल तर स्वयंपाकघरासमोरच्या काउंटरवर जागा मागा. दोघांसाठी ही जागा मला फार आवडते. शेजारी शेजारी बसता, समोर भट्टी पेटलेली, कोणीतरी चिमट्याने पान उचलून ताटलीत ठेवतंय, मध्येच आचारी वर बघून दोन शब्द बोलतो. पुढे आठवण काढताना पदार्थाच्या चवीइतकंच हे सगळं आठवतं.

आता याद्या. मिशलिनबद्दल तुम्ही विचारलंयच. ही टायर कंपनीची गाइड, म्हणजे रेस्टॉरंटांची निवड करून देणारी मार्गदर्शिका. 1900 मध्ये मोटारवाल्यांना फुकट वाटायला सुरू झाली, तारे द्यायला 1926 मध्ये सुरुवात झाली आणि काही वर्षांत एक-दोन-तीन ताऱ्यांची उतरंड आली. या ताऱ्यांचा अर्थ मुळात प्रवाशाच्याच भाषेत सांगितलेला आहे: एक तारा म्हणजे थांबण्याजोगं, दोन म्हणजे वाट वाकडी करण्याजोगं, तीन म्हणजे खास त्यासाठी प्रवास करण्याजोगं. तुमच्या कामाचा मुद्दा मात्र वेगळा आहे. तारा फक्त ताटलीतल्या अन्नाला मिळतो. जिन्नसांचा दर्जा, हातातलं कसब, चवींचा मेळ, आचाऱ्याची स्वतःची छाप आणि दर वेळी तेच सातत्य, एवढंच निरीक्षक तपासतात. जागा, सजावट, वाढणाऱ्यांची वागणूक यांचा ताऱ्याशी संबंध नाही. म्हणजे तारा बघून जेवणाची खात्री धरता येते, संध्याकाळची नाही. मला विचाराल तर अशा मुक्कामासाठी त्याच गाइडमधली बिब गुरमाँची नावं आधी बघावीत. चांगलं जेवण माफक दरात देणाऱ्यांसाठी ही खूण 1997 पासून दिली जाते आणि तिथलं वातावरण बहुधा मोकळं असतं. शिवाय गाइड सगळ्या शहरांत पोचलेली नाही, तेव्हा तुमच्या शहरात तारे दिसले नाहीत तर तिथे चांगलं मिळत नाही असं समजू नका.

लोकांच्या रेटिंगवर डोळे झाकून विसंबू नका. 2017 मध्ये लंडनमधल्या एका पत्रकाराने आपण राहत होतो त्या शेडचीच रेस्टॉरंट म्हणून लोकांचे अभिप्राय दाखवणाऱ्या ट्रिपअ‍ॅडव्हायझरवर नोंद केली. ओळखीच्यांकडून खोटे अभिप्राय लिहून घेतले, शेव्हिंग फोमसारख्या वस्तू वापरून पदार्थांचे फोटो काढले. काही महिन्यांत ती शेड शहराच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेली, आणि तोवर तिथे एकालाही जेवायला वाढलेलं नव्हतं! अभिप्राय निरुपयोगी आहेत असं मी म्हणत नाही. आकडा सोडा आणि मजकूर वाचा, एवढंच.

वाचायचं कसं? सगळ्यात नवे आधी लावा, कारण आचारी बदलला, मालक बदलला की दोन वर्षांपूर्वीच्या कौतुकाला अर्थ उरत नाही. पाच ताऱ्यांचे आणि एका ताऱ्याचे बाजूला ठेवून तीन-चार ताऱ्यांचे वाचा. ही माणसं रागात किंवा भारावून लिहीत नाहीत, काय आवडलं आणि काय नाही ते सांगतात. एकमेकांना न ओळखणाऱ्या पाच-सहा जणांनी एकाच पदार्थाचं नाव घेतलं असेल तर ते टिपून ठेवा. तिथल्या भाषेतले अभिप्राय भाषांतर करून वाचा, कारण ते लिहिणारे बहुतेक पुन्हा पुन्हा जाणारे असतात. फोटो हॉटेलवाल्यांनी टाकलेले नकोत, गिऱ्हाइकांनी टाकलेले बघा. त्यांत शेजारच्या टेबलावर कोण बसलंय, उजेड कसा आहे, मेनूकार्ड किती पानांचं आहे हे आपोआप दिसतं.

तक्रारी तर मी कौतुकापेक्षा जास्त लक्ष देऊन वाचतो. 'मेनूत फारसं काही नाही', 'आम्ही गेलो तेव्हा अर्धे पदार्थ संपले होते', 'आमच्या सोयीने काही बदलून द्यायला तयार नाहीत': या तिन्ही तक्रारी मला तिकडे ओढतात. थोडेच पदार्थ आणि तेही संपणारे, याचा अर्थ सहसा रोज ताजं आणून रोज संपवलं जातं. याउलट 'उठा म्हणून घाई केली', 'बिलात न सांगता काहीतरी लावलं', 'बोलावूनही कोणी फिरकलं नाही' असं वेगवेगळ्या महिन्यांत लिहिलेलं दिसलं की ते नाव खोडा, जेवणाची कितीही तारीफ असली तरी.

अशी छाननी करून दोन-तीन नावं उरतात. आता माणसांना विचारायची वेळ. हॉटेलच्या रिसेप्शनवर 'इथे चांगलं कुठे मिळेल?' असं विचारलं की रोजचं ठरलेलं नाव मिळतं, कारण कुणालाही चालेल असं नाव सांगणं त्यांना सोपं असतं. त्याऐवजी तुमची नावं पुढे ठेवा आणि विचारा, 'या दोनपैकी तुम्ही तुमच्या घरच्यांना कुठे न्याल?' तुलना करायला सांगितली की माणूस खरं बोलतो. 'ते दुसरं पूर्वी चांगलं होतं' हे वाक्य मला अशाच प्रश्नातून ऐकायला मिळतं आणि कुठल्याही यादीत ते सापडत नाही. रिसेप्शनपेक्षाही कॉफी करून देणाऱ्याला किंवा पुस्तकाच्या दुकानातल्या माणसाला विचारा.

ठिकाण मुक्कामापासून फार लांब नको. परतीचं वाहन किती वाजेपर्यंत मिळतं ते आधी बघून ठेवा.

मग फोन करा. ऑनलाइन बुकिंग झालं असलं तरी करा. त्या दिवशी उघडं आहे ना हे विचारा. अनेक देशांत चांगली ठिकाणं रविवार-सोमवार बंद असतात आणि नकाशावर ते नीट नोंदलेलं असेलच असं नाही. शेवटची ऑर्डर किती वाजता घेता हे विचारा, कारण दार अकराला बंद होत असेल तर स्वयंपाकघर त्याच्या बरंच आधी आवरतं. टेबल किती वेळ तुमचं आहे हे तर विचाराच. काही ठिकाणी एका रात्रीत दोन पाळ्या बसवतात. पहिल्या पाळीत बसलात तर दीड-दोन तासांत उठावं लागतं, आणि वाढदिवसाच्या दिवशी ते फार लागतं. शक्य असेल तर दुसरी पाळी घ्या. काय खात नाही, कशाची अ‍ॅलर्जी आहे, हे त्याच फोनवर सांगा. टेबलावर बसल्यावर सांगितलं तर ते नुसतं ताटलीतून काहीतरी वगळतात, आधी कळलं तर त्याच्या जागी दुसरं काही बनवतात. निमित्तही सांगून टाका. कुठली जागा द्यायची हे ठरवताना त्याचा उपयोग होतो.

एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही, ती शेवटाची. 1993 मध्ये मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. माणसांना एकदा 14 अंश सेल्सियसच्या गार पाण्यात 60 सेकंद हात धरायला लावला. दुसऱ्या वेळी तेच 60 सेकंद आणि वर आणखी 30, पण त्या 30 सेकंदांत पाणी हळूहळू 15 अंशांपर्यंत नेलं. यातलं पुन्हा काय कराल असं विचारल्यावर बहुतेकांनी जास्त वेळाचा त्रास निवडला, कारण त्याचा शेवट जरा बरा होता. जेवणाच्या बाबतीत मी यावरून शेवट आधी आखून ठेवायला लागलो. बिल गोड पदार्थाबरोबरच मागवून चुकतं करायचं आणि मग बसायचं हवं तेवढं. परतीची गाडी आधी सांगून ठेवायची किंवा चालत जाण्याजोगा रस्ता निवडायचा. छान जेवून रस्त्याच्या कडेला अर्धा तास टॅक्सीची वाट बघत उभं राहिलं, की पुढे त्या रात्रीबद्दल बोलताना आधी टॅक्सीचीच गोष्ट निघते.

आणि हवं ते ठिकाण भरलेलं असेल तर लगेच नाव काढून टाकू नका. एक-दोन दिवस आधी आणि त्याच दिवशी दुपारी पुन्हा फोन करा, रद्द झालेली टेबलं तेव्हा सुटतात. काउंटरवर दोन जागा आहेत का, किंवा अगदी लवकरच्या वेळेला काही आहे का, असं नेमकं विचारा. दोघांची सोय चौघांपेक्षा खूप लवकर होते. त्याच भागात चालत जाता येईल असं दुसरं नाव तयार ठेवा. कार्डावर आगाऊ रक्कम अडकवून घेणाऱ्या ठिकाणी रद्द करायची मुदत वाचा आणि मुदतीच्या आत एक काहीतरी नक्की करून दुसरं मोकळं करा. बिचारे रेस्टॉरंटवाले तुमच्यासाठी दोन जागा धरून बसतात आणि बाहेर कोणीतरी तुमच्यासारखंच त्याच जागांसाठी फोन लावत असतं.